चाचणीच्या खुर्चीत कोण बसतं?

सरकारी किंवा निमसरकारी कामासाठी एखादं ॲप, पोर्टल किंवा बिल भरायचं यंत्र तयार झालं, की लोकांसाठी खुलं करण्याआधी त्याची एक औपचारिक चाचणी होते. कंत्राटाच्या कागदांत तिला यूएटी म्हणतात. वापरणाऱ्याने वस्तू तपासून पत्करायची, असा त्या अक्षरांमागचा अर्थ. प्रत्यक्षात बहुतेक वेळा होतं ते असं : सभागृहात प्रोजेक्टर लागतो, कंपनीचा माणूस एकेक स्क्रीन उघडून दाखवतो, टेबलाभोवती विभागाचे अधिकारी आणि संगणक शाखेतली माणसं बसलेली असतात. समोर मुद्द्यांची यादी असते. लॉगिन होतं का? होतं. पावती निघते का? निघते. प्रत्येक मुद्द्यापुढे खूण, शेवटी सही, आणि कंपनीचा पुढचा हप्ता मोकळा. ज्याच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते, तो वापरणारा त्या खोलीत कुठेच नसतो. इंदूरच्या रामबागेत एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या आजी नसतात, लोकमान्य नगरातून रोज दोन वाहनं बदलून कामावर जाणारी बाई नसते, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री गराडूचा कंद तळणारा दुकानदार नसतो.

त्या खुर्चीत नागरिक बसला पाहिजे, आणि त्याला कुणाच्या मदतीशिवाय काम जमल्याचं दिसेपर्यंत कंपनीला पूर्ण पैसे मिळता कामा नयेत. मागणी एवढीच आहे, पण तिच्या मुळाशी वापरणाऱ्याला समजून घेण्याचं अख्खं शास्त्र आहे, आणि ते आपल्याकडे फार ढोबळपणे घेतलं जातं.

ही मागणी केली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ॲप ठीक आहे, लोकांनाच वापरता येत नाही, जनजागृती करावी लागेल. हे उत्तर इंदुरात तरी कुणी देऊ नये. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर ७३ शहरांमध्ये २५ वं होतं. २०१७ मध्ये ४३४ शहरांत पहिलं आलं. मधल्या वर्षभरात गावातली माणसं बदलली नव्हती. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्या, सुदामा नगर, तिलक नगर, सगळीकडे कुटुंबं तीच होती आणि त्यांच्या सवयीही त्याच होत्या. बदलली ती मांडणी. रस्त्यावरच्या कुंड्या उचलल्या गेल्या आणि गाडी रोज दाराशी येऊ लागली. गाडीवर गाणं वाजतं. ते स्वयंपाकघरात ऐकू येतं, त्यामुळे घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही. गाडीलाच ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे वेगळे कप्पे आहेत, म्हणजे कुठे काय टाकायचं ही सूचना फलकावर वाचावी लागत नाही, हातात बादली घेऊन उभं राहिलं की ती समोर दिसते. मिसळलेला कचरा आणला तर तिथल्या तिथे परत केला जातो. चूक आणि तिचं उत्तर यांच्यात दोन सेकंदांचं अंतर. हे आधी दोन वॉर्डांत करून पाहिलं गेलं, तिथे काय अडतं ते कळलं, मग ते ८५ वॉर्डांत पसरलं. कप्पे दोनावर थांबले नाहीत. प्लास्टिक, ई-कचरा, घरातला घातक कचरा, सॅनिटरी कचरा अशी सहा प्रकारांची वर्गवारी हळूहळू लोकांच्या अंगवळणी पडली. पहिल्याच दिवशी सहा डबे हातात दिले असते तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको. देवगुराडियाला २०२२ च्या फेब्रुवारीत रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजीचा प्रकल्प सुरू झाला. असा प्रकल्प ओल्या कचऱ्यात प्लास्टिक आलं की अडतो. म्हणजे एवढी मोठी यंत्रणा शेवटी घरातल्या एका हाताच्या हालचालीवर उभी आहे, आणि ती हालचाल बरोबर व्हावी म्हणून मांडणी केलेली आहे. दंड आणि दारोदार समजावणारी माणसंही होती, ते नाकारण्याचं कारण नाही. पण गाडी यायचीच नाही आणि दंड मात्र आहे, अशी कल्पना करून बघा. दंडाने काय साधलं असतं?

याच उदाहरणात एक दुसरी गोष्ट आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. २०१५ मध्ये कुणी घरोघर जाऊन विचारलं असतं, ‘कचऱ्यासाठी तुम्हाला काय हवं?’, तर बहुतेकांनी उत्तर दिलं असतं : कोपऱ्यावर आणखी एक कुंडी ठेवा. कुंड्याच काढून टाका, असं कोण म्हणालं असतं? लोक खोटं बोलले नसते. माणूस आपल्या ओळखीच्या उपायाच्या भाषेत अडचण सांगतो. म्हणून वापरणाऱ्याला समजून घेणं म्हणजे त्याची फर्माईश लिहून घेणं नव्हे. कचरा घरातून रोज बाहेर जावा, वास येऊ नये, त्यासाठी लांब चालावं लागू नये, ही खरी गरज. कुंडी हा तिच्यावरचा एक उपाय. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर ‘तुम्ही असं ॲप वापराल का?’ हा प्रश्न छापून ‘हो’ मोजणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा. त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला काहीच खर्च येत नाही.

राज्ययंत्रणेला हे जमत नाही असंही नाही. मतदानयंत्र बघा. त्याचं बाह्यरूप आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये घडलं. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली मिळून १६ विधानसभा मतदारसंघांत ते वापरलं गेलं, नंतर देशभर. निरक्षर माणूस, नव्वदीचा माणूस, आयुष्यात कधी बटण न दाबलेली बाई, सगळ्यांना ते एकट्याने, पडद्याआड, कुणालाही न विचारता वापरावं लागतं. म्हणून उमेदवाराच्या चिन्हाशेजारी एकच निळं बटण. दाबलं की लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. आता त्यात ७ सेकंद दिसणारी चिठ्ठीही आली. मत गेलं की नाही याची शंका डोळ्यांना आणि कानांना, दोघांनाही उरत नाही. आणि मतदान सुरू होण्याआधी दर केंद्रावर किमान ५० मतं टाकून चाचणी होते, तीही उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. ज्यांचं नुकसान होऊ शकतं त्यांच्या डोळ्यांदेखत चाचणी घ्यायची, हे तत्त्व आपल्याला माहीत आहे. नळाच्या बिलाच्या पोर्टलला ते लावत नाही, इतकंच.

चूक माणसाची की मांडणीची, हा वाद ऐंशी वर्षांमागे विमानांच्या बाबतीत निकालात निघाला आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर सुखरूप उतरल्यावर वैमानिक धावपट्टीवरच चाकं आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. त्यांना खरं तर पंखांच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, आत घ्यायचे असत. अल्फान्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिला तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच. त्याने चाकांच्या खटक्याला चाकाचा आकार दिला, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा. हाताला न बघता कळू लागलं. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेले ४६० अनुभव तपासले, तेव्हा एका खटक्याऐवजी दुसरा ओढला जाणं हाच सर्वांत मोठा गट निघाला. ‘पब्लिकला कळत नाही’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी येतं त्यांनी स्वतःच्या स्क्रीनवर ‘रद्द करा’ आणि ‘पुढे चला’ ही बटणं एकाच रंगाची, एकाच मापाची, शेजारी-शेजारी आहेत का ते आधी पाहावं.

आता चाचणी घ्यायची कशी, ते. इथेच बहुतेक जण घाई करतात.

माणसं पाच बोलवा. पाचच का, याला हिशेब आहे. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये अनेक चाचण्यांचे आकडे मांडून दाखवलं की एखादी अडचण एका माणसाच्या चाचणीत दिसण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के असते. म्हणजे ती न दिसण्याची शक्यता ६९ टक्के. हे पाच वेळा गुणलं की उरतात साधारण १६ टक्के. थोडक्यात, पाच जणांत अशा अडचणींपैकी ८४ टक्के कुठे ना कुठे दिसून जातात. पण हा आकडा मंत्रासारखा घोकू नये. दहांतल्या एकालाच येणारी अडचण पाच जणांत सापडण्याची शक्यता फक्त ४१ टक्के आहे, पंधरा जणांत ती ७९ टक्क्यांवर जाते. म्हणून पंधरा माणसं असतील तर ती एकदम बसवू नका. पाच बसवा, जे सापडलं ते दुरुस्त करा, पुढचे पाच बसवा. पहिल्या फेरीतला मोठा धोंडा बाजूला झाल्यावरच त्यामागचे खडे दिसतात. लॉगिनलाच अडलेला माणूस पावतीच्या पानावर काय चुकलंय ते कधीच सांगू शकणार नाही. आणि वापरणाऱ्यांचे गट वेगळे असतील, म्हणजे एकीकडे म्हातारी माणसं आणि दुसरीकडे दुकानदार, तर दर गटातले तीन-चार हवेत.

माणसं निवडायची कंपनीने नव्हे. बिलाच्या शेवटच्या तारखेला झोन कार्यालयाच्या रांगेत उभी असतात त्यांतूनच घ्यावी. ती आज रांगेत आहेत, याचा अर्थ आजची ऑनलाइन सोय त्यांच्यासाठी नाही. मग आपल्याला शिकवणार दुसरं कोण? एमपी ऑनलाइनच्या किऑस्कवर बसणाऱ्या मुलांनाही विचारा. दुसऱ्यांचे फॉर्म दिवसभर भरून देणाऱ्याला कुठल्या पानावर गाडी अडते हे पाठ असतं, आणि अडल्यावर काय जुगाड करावा लागतो तेही. त्या जुगाडांची यादी म्हणजे नव्या मांडणीचा पहिला मसुदा समजावा. उदाहरणार्थ, गिऱ्हाइकाकडे मोबाइल नसेल तर किऑस्कवाला स्वतःचा नंबर टाकतो. पुढच्या वेळी ओटीपी त्या मुलाच्या फोनवर जातो आणि तोवर त्याने दुकान बदललेलं असतं. हा दोष त्या मुलाचा नाही. प्रत्येक माणसाकडे स्वतःचा नंबर असतो असं गृहीत धरणाऱ्या रकान्याचा आहे.

काम द्यायचं ते माणसाच्या भाषेत. ‘ई-पेमेंट मॉड्यूलमध्ये जाऊन भुगतान करें दाबा’ असं सांगितलं तर उत्तर आपणच फोडलं. ‘या महिन्याचं नळाचं बिल भरायचंय, इथून भरून दाखवा’ एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. समोरचा अडला की आपला हात आपोआप पुढे जातो. मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. बहुतेकदा सातव्या-आठव्या आकड्याला माणूस स्वतःहून काहीतरी करून पाहतो, आणि तो काय करून पाहतो हीच माहिती आपल्याला हवी असते. शेजारी दुसऱ्या एकाने लिहीत राहावं : कुठे थांबला, किती वेळ थांबला, तोंडातून कुठला शब्द निघाला. ‘इथे टॅक्सचं कुठंय?’ असं पाचांतले तिघे म्हणाले आणि स्क्रीनवर ‘राजस्व सेवाएँ’ लिहिलेलं असेल, तर दुरुस्ती काय करायची हे त्यांनीच सांगितलं.

भाषेचा आणखी एक सापळा इंदूरच्या मराठी घरांत ठळक दिसतो. अनोळखी माणसाने साहेबी हिंदीत विचारलं की आपली वडीलधारी मंडळी अदबीने ‘हाँ, बढ़िया है’ म्हणून मोकळी होतात. तेच मराठीत, किंवा आपल्या घरगुती मराठी-हिंदी मिसळीत, ‘आजी, मागच्या महिन्यात बिल कसं भरलंत, पहिल्यापासून सांगा बरं’ असं विचारलं तर खरं काय ते बाहेर येतं : नातवाने भरलं, त्याला तीनदा फोन करावा लागला, पैसे कापले गेले पण पावती आली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी खिडकीवर जाऊन विचारून आले. पुढे कसं वागाल, असं विचारून काही मिळत नाही. मागच्या वेळी काय घडलं, ते विचारावं.

चाचणी माणसाच्या स्वतःच्या फोनवरच घ्यायची. कंपनीच्या नव्या कोऱ्या फोनवर सगळंच पळतं. ज्या फोनची काच तडकली आहे, मेमरी फोटोंनी भरली आहे, अक्षरं सेटिंगमध्ये मोठी करून ठेवली आहेत, त्यावर पाहा. अक्षरं मोठी केली की देवनागरीत पहिला बळी वरच्या मात्रांचा आणि खालच्या उकारांचा जातो, कारण बटणाची उंची इंग्रजी मजकुरावरून ठरवलेली असते. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपट तरी हवं. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा यांचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ हवं. फिक्या राखाडीवर पांढरी अक्षरं एप्रिलच्या दुपारी राजवाडा चौकात उभं राहून वाचून पाहावीत. बोटाने दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटरची हवी.

ओटीपीचं पान वेगळं तपासावं लागतं. कमी रॅमच्या फोनवर माणूस मेसेज बघायला बाहेर गेला की फोन मागचं ॲप बंद करून टाकतो. परत आल्यावर सगळा फॉर्म कोरा. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. उपाय साधा आहे : दर रकाना भरला की तो जपून ठेवायचा आणि ओटीपी आपोआप वाचून घ्यायचा. जन्मतारखेचं कॅलेंडर हा दुसरा त्रास. १९५२ साली जन्मलेल्या माणसाला आजच्या महिन्यापासून मागे जायला बाण आठशेहून अधिक वेळा दाबावा लागतो. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने दिले की काम संपलं. तसंच समग्र आयडीचं, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळखक्रमांकाचं : कुटुंबाचा क्रमांक ८ आकडी, सदस्याचा ९ आकडी. रकान्यावर नुसतं ‘समग्र आयडी’ लिहायचं आणि चुकीचा भरल्यावर ‘अमान्य’ म्हणायचं, याला काय म्हणावं? आठ आकडे आले तर ‘हा कुटुंबाचा क्रमांक आहे, सदस्याचा ९ आकडी टाका’ असं यंत्राने सांगायला हवं. त्याला ते मोजता येतं.

नावांचा प्रश्न मात्र नीट उलगडून सांगायला हवा, कारण मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाला तो कायम छळतो आणि बाहेरून आलेल्या कंपनीला तो असल्याचाच पत्ता नसतो. मराठी पद्धतीत स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. हिंदी पद्धतीच्या फॉर्मात नाव आणि आडनाव एकत्र, वडिलांचं किंवा पतीचं नाव वेगळ्या रकान्यात. एकाच बाईच्या एका कागदावर तीन शब्द, दुसऱ्यावर दोन. जुन्या पिढीत लग्नानंतर पहिलं नावही बदललेलं असतं. त्यात ‘ळ’. हिंदीच्या नेहमीच्या लेखनात तो नाही, म्हणून काळे यांचे काले होतात आणि मुळे यांचे मुले. रोमन लिपीतून यंत्राने परत देवनागरीत आणलं की आणखी तिसरंच रूप निघतं. शिंदे आणि सिंधिया ही एकाच घराण्याच्या नावाची दोन रूपं ग्वाल्हेरच्या इतिहासात शेजारी-शेजारी नांदली; संगणकाच्या अक्षर-न्-अक्षर तुलनेत ती दोन परकी माणसं ठरतील. आणि कऱ्हाडकर हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक, नुक्ता असलेल्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून, दुसरी, साध्या ‘र’ ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. माणूस दोन्ही कागद समोर ठेवून म्हणतो, ‘अहो, नाव तर तेच आहे’, आणि खिडकीतला कर्मचारीही तेच म्हणतो, पण स्क्रीनवर लाल अक्षरं.

यावर तोड आहे. जुळणी करण्याआधी दोन्ही नावं एका रूपात आणावीत : ळ आणि ल एक धरायचे, अनुस्वार आणि परसवर्ण एक धरायचे म्हणजे पंडित आणि पण्डित जुळतील, ऱ आणि र एक धरायचे आणि अदृश्य चिन्हं काढून टाकायची म्हणजे दोन्ही कऱ्हाडकर जुळतील. तरीही मधलं नाव कमी-जास्त असेल तर थेट नकार देऊ नये. दोन्ही नावं शेजारी दाखवून ‘ही एकच व्यक्ती आहे’ असं नागरिकाकडून लिहून घ्यावं आणि प्रकरण कर्मचाऱ्याच्या नजरेखालून जाऊ द्यावं. पैशांचा व्यवहार असेल तर ही तपासणी ठेवावीच. सरसकट ढिलाई सुचवलेली नाही. पण चाचणीच्या खुर्चीत एकही काळे, एकही कऱ्हाडकर बसला नाही, तर हा दोष शेवटपर्यंत सापडणारच नाही.

‘सरासरी वापरकर्ता’ डोळ्यांसमोर ठेवून काम करायची सवयही सोडायला हवी. १९५० च्या सुमारास अमेरिकी वायुदलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्सने त्यांतली कॉकपिटच्या दृष्टीने महत्त्वाची दहा मापं निवडली आणि दर मापाच्या मधल्या ३० टक्क्यांना ‘सरासरी’ धरलं. दहाही मापांत सरासरी असलेला वैमानिक किती निघाला? एकही नाही. त्यानंतर बैठक आणि पेडल मागेपुढे सरकवता येतील अशी करणं हाच मार्ग उरला. आपल्याकडे ‘आता सगळ्यांकडे स्मार्टफोन आहे’ म्हणत खिडकी बंद करणाऱ्यांनी हा आकडा आठवावा. खिडकी, फोन, किऑस्क, घरी येणारा कर्मचारी, हे सगळे सरकवता येणारे भाग आहेत. ॲप आलं म्हणून खिडकी काढून घेणं म्हणजे बैठक एका मापात वेल्ड करून टाकणं.

जो या सरासरीच्या सर्वांत बाहेर आहे त्याला बसवलं की इतरांचंही भलं होतं. डिजिटल केवायसीत ‘डोळे मिचकवा’ असं सांगणारी तपासणी बऱ्याच ठिकाणी आहे. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या गेल्या त्यांनी ती कशी पार करायची? हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात न्यावा लागला, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवून, केवायसीची प्रक्रिया सर्वांना करता येईल अशी बदलण्याचे २० निर्देश दिले. अशी एक व्यक्ती सुरुवातीच्या चाचणीत बसली असती तर पहिल्या अर्ध्या तासातच हे कळलं असतं.

खर्चाचा आक्षेप टिकत नाही. तीन फेऱ्यांत पंधरा माणसं, दर माणशी पाऊण तास, पाचशे रुपये मानधन : साडेसात हजार रुपये. दुरुस्तीसकट तीन आठवडे. वेळेचा आक्षेप थोडा खरा आहे, कारण लोकार्पणाची तारीख आधी जाहीर होते आणि मग सगळं तिच्यामागे फरफटत जातं. म्हणूनच ही चाचणी कुणाच्या सदिच्छेवर न सोडता निविदेत लिहिलेली असावी. सर्वांत कमी दराच्या बोलीला काम, ही पद्धत वह्या-पेन खरेदीला ठीक आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतही गुणवत्ता आणि किंमत एकत्र तोलून निवड करण्याची पद्धत सांगितलेली आहे. सुपर कॉरिडॉरवर मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची आवारं आहेत, सिमरोलला आयआयटी आहे, राऊला आयआयएम आहे. चाचणी घेऊ शकणारी माणसं बाहेरून आणावी लागणार नाहीत.

कलम असं असू शकतं. नागरिकांना सर्वांत जास्त लागणारी पाच कामं निविदेतच नोंदवायची. दुरुस्तीच्या तीन फेऱ्या झाल्यावर वीस नवे नागरिक बसवायचे आणि दर काम वीसपैकी किमान सोळा जणांना विनामदत पूर्ण करता आलं पाहिजे. वीस हा नमुना लहान आहे. सोळा जणांना जमलं म्हणजे गावातल्या ८० टक्क्यांना जमेलच असं नाही, खरा आकडा ५८ ते ९२ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. म्हणून कंत्राटातली २० टक्के रक्कम दोन भागांत अडकवावी : अर्धी या चाचणीवर आणि अर्धी सेवा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी. तेव्हा किती जणांनी काम सुरू केलं आणि त्यांतल्या किती जणांनी पूर्ण केलं, हे गुणोत्तर पाहायचं. ॲप किती जणांनी डाउनलोड केलं हा आकडा या हिशेबात कुठेही धरू नये. डाउनलोड करून, अडून, शेवटी खिडकीवर गेलेला माणूसही त्यात मोजला जातो. दर फेरीत काय सापडलं आणि काय दुरुस्त झालं, याची यादी झोन कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर, हिंदीत आणि मराठीत लावावी.

आणि दर फेरीला विभागाचा प्रमुख व कंपनीचा प्रकल्प-व्यवस्थापक यांनी निदान दोन नागरिकांच्या बैठका पूर्ण पाहाव्यात, हे कलमातच असावं. अहवाल वाचून ते होत नाही. त्यांच्या खुर्च्या मागच्या रांगेत ठेवाव्यात. पुढच्या खुर्चीतल्या आजी अडल्या, चष्मा वर करून स्क्रीनकडे बघू लागल्या, की मागच्या रांगेतल्या कुणीही दहा आकडे मोजून होईपर्यंत बोलायचं नाही.